प्रयोगप्राण्यांतील आनुवंशिक विविधता

वैद्यकीय संशोधनासाठी प्रयोगशाळेत वाढविलेल्या एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये जीनांच्या (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या एककांच्या) बाबतीत आढळणारा परस्परभेद. फळमाशी, झेब्रा मासा, उंदीर इ. प्राणी या कामी वापरले जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लहान घरगुती उंदराचा विचार केला आहे.

किती विविधता राखावयाची, हे प्रयोगाच्या हेतूवर अवलंबून असते. प्राणी आनुवंशिक दृष्ट्या एकसारखे असल्यास औषध दिलेल्या व न दिलेल्या गटांतील फरक थोड्या प्राण्यांवरूनही स्पष्ट होतो. तथापि असा निष्कर्ष त्या एकाच आनुवंशिक घडणीपुरता खरा असण्याचा संभव असतो. ज्या रुग्णांसाठी औषध शोधावयाचे, ते मात्र या बाबतीत परस्परांहून भिन्न असतात.

अंतःप्रजनित वंश : सख्ख्या भाऊ-बहिणींचा संयोग लागोपाठ किमान २० पिढ्या घडवून आणल्यास मिळणाऱ्या वंशास ‘अंतःप्रजनित वंश’ म्हणतात. जीनांच्या जोडीतील दोन्ही घटक भिन्न असलेल्या स्थानांचे प्रमाण या पद्धतीत दर पिढीस सु. १९ टक्क्यांनी घटते व २० पिढ्यांनंतर मूळच्या अशा स्थानांपैकी सु. १.४ टक्केच शिल्लक राहतात. परिणामी अशा वंशातील एकाच लिंगाचे प्राणी जवळजवळ एकरूप जुळ्यांसारखे असतात.

क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात ‘डीबीए’ या वंशाच्या प्रजननास प्रारंभ केला. मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्रॅन्बी येथे शौकिनांसाठी उंदीर पाळणाऱ्या ॲबी लॅथ्रॉप यांच्याकडून आणलेल्या उंदरांपासून त्यांनी १९२१ मध्ये ‘सी ५७ ब्लॅक’ हा वंश सुरू केला. १९२९ मध्ये त्यांनी मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली. तेथे जॉर्ज स्नेल यांनी एकाच जीनसमूहात भेद असलेले वंश तयार करून ऊतक-कलम स्वीकारले जाणे वा नाकारले जाणे कोणत्या जीनांवर अवलंबून असते, ते दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९८० च्या नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदराच्या जीनसंचाचा आराखडाही ‘सी ५७ ब्लॅक ६’ या वंशावर आधारलेला आहे.

मर्यादा : अंतःप्रजननात अप्रभावी दोषही वंशात कायमचे स्थिर होऊ शकतात. उदा., ‘सी ३ एच’ वंशातील दृष्टिपटल-ऱ्हासाच्या दोषामुळे उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच अंध होतात. दृष्टीवर अवलंबून असलेल्या चाचणीत असा उंदीर अपयशी ठरल्यास त्याची स्मरणशक्तीच दुबळी आहे, असा चुकीचा अर्थ लावला जाण्याची भीती असते.

वंश एकदा सिद्ध झाला, तरी तो अचल राहत नाही. १९५१ मध्ये ‘सी ५७ ब्लॅक ६’ वंशाचे उंदीर जॅक्सन प्रयोगशाळेतून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे गेले. पुढे दोन्हीकडे वेगवेगळी उत्परिवर्तने साचून ‘जे’ व ‘एन’ हे उपवंश निर्माण झाले. जे उपवंशातील एका सदोष जीनाचा संबंध ग्लुकोज-नियंत्रणाशी आढळतो, तर एन उपवंशात दृष्टिपटलाचा निराळा दोष आहे. म्हणून मधुमेहाच्या प्रयोगात एका उपवंशाची दुसऱ्याशी तुलना केल्यास निष्कर्ष फसवा ठरू शकतो. हा बदल रोखण्यासाठी गोठवून ठेवलेल्या भ्रूणांपासून वंशाचे ठराविक पिढ्यांनंतर नूतनीकरण करतात.

विविधता राखण्याचे उपाय : दोन अंतःप्रजनित वंशांच्या संयोगाने होणारी पहिली संकरज पिढी एकसारखी, पण अधिक जोमदार असते, मात्र तीत प्राण्याप्राण्यांत विविधता नसते. बहिःप्रजनित साठ्यांत जवळच्या नात्यातील संयोग टाळतात. लोझॅन (स्वित्झर्लंड) येथून १९२६ मध्ये क्लॅरा लिंच यांनी न्यूयॉर्कला नेलेल्या नऊ पांढऱ्या उंदरांपासून असे ‘स्विस’ साठे निघाले. मूळ प्राणी इतके थोडे असल्याने त्यांतील विविधताही मर्यादितच होती. यावरून बहिःप्रजनन म्हणजे भरपूर विविधता असे नव्हे, हे ध्यानात येते.

यापेक्षा योजनाबद्ध मार्ग ‘कोलॅबरेटिव्ह क्रॉस’ या प्रकल्पात अनुसरला गेला. त्यात पाच प्रचलित व तीन रानटी उंदरांपासून काढलेल्या अशा आठ वंशांचा संकर करून, नंतर अंतःप्रजननाने अनेक नवे वंश स्थिर केले. त्यामुळे वंशावंशांत विविधता व प्रत्येक वंशात एकरूपता, असे दोन्ही लाभ साधतात. उंदरांशी जुळवून घेतलेल्या एबोला विषाणूने प्रचलित वंशांत मानवी रोगासारखी रक्तस्रावाची लक्षणे उद्भवत नसत. या प्रकल्पातील उंदरांत मात्र वंशानुसार पूर्ण प्रतिकारापासून घातक रक्तस्रावापर्यंत विविध परिणाम दिसले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वंशावर विसंबल्यास रोगाचे एकच रूप दिसते व इतर रूपांवरील उपचारांचा मार्ग नजरेआड राहतो. म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष एकाहून अधिक वंशांत पडताळून पाहणे आणि वंश व उपवंश यांचा स्पष्ट निर्देश करणे आवश्यक मानले जाते.