कोल्हापूर ते चिपी, मुंबईमार्गे

डिलाईल रोडवरील, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरील, १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार शेजारी राहिले. त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलखांजवळ आज विमानतळ आहेत, एक कोल्हापूरलगत उजळाईवाडीला आणि दुसरा सिंधुदुर्गात चिपीला. या दोहोंमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर, सुमारे ११० किलोमीटर भरते. परंतु गेल्या शतकभरात वाहने बदलत गेली, तरी वेळ वाचला तो प्रामुख्याने मुंबईच्या वाटेवर.

घाटावरच्या कामगारांना १८९१पासून कोल्हापूर-मिरज रेल्वे उपलब्ध होती, तर कोकणातला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने निघे, धक्का नसलेल्या बंदरात पडावातून किनारा गाठी आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की अडकून पडे. गावमंडळाने चालवलेल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या या मंडळींपैकी कोणी गावी निघाला, की त्याच्या ट्रंकेत इतरांच्या घरचे पैसे आणि पुडकी जात, कारण पुढची खेप केव्हा मिळेल याचा भरवसा नसे. पुढे एसटीने आणि १९९८मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने हा प्रवास एका रात्रीवर आणला.

कोल्हापूरचा विमानतळ १९३९चा असला, तरी तेथील प्रवासी सेवा दीर्घकाळ खंडित स्वरूपाचीच राहिली. छोट्या शहरांच्या विमानसेवेला सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या 'उडान' योजनेने तिला बळ दिले आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीहून मुंबईची सेवा सुरू झाली. मुंबईपासून कोल्हापूर हवाईमार्गे सुमारे ३०५, तर चिपी सुमारे ३५० किलोमीटर असल्याने, मुंबईमार्गे एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यास थेट अंतराच्या सहापट उडावे लागते.

थेट सेवा नसण्याचे कारण हिशेबातच सापडते. अशा मार्गांवरच्या एटीआर विमानाला, जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा 'ब्लॉक टाइम' धरला, तर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ पुरेल. परंतु विमानतळावर आधी पोहोचणे आणि दोन्हीकडचा रस्ता यांची भर पडताच, फोंडा घाटातून चारेक तासांत पोहोचणाऱ्या मोटारीपुढे त्याची आघाडी फारशी उरत नाही. 'उडान'च्या २०१६च्या मूळ आराखड्यातही, डोंगराळ व दुर्गम प्रदेशांचा अपवाद वगळता, २०० ते ८०० किलोमीटरचेच मार्ग गृहीत धरलेले होते.

प्रवासाचा खरा वेळ जमिनीवर ठरतो, याचा दाखला डिलाईल रोडनेच दिला. लोअर परळ स्थानकाजवळचा येथील पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला; चिपीची सेवा सुरू झाली, तेव्हा रहिवाशांना विमानतळच काय, पलीकडचा भागही वळसा घालूनच गाठावा लागत होता. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, तरी त्यांनी घालून दिलेली मुंबईकडची दिशा मात्र नव्या हवाई वेळापत्रकांनीही उचलली, आणि सह्याद्रीच्या दोन बाजूंचे शेजारी एकमेकांकडे आजही घाटवाटेनेच जातात.