नौदल असताना कोस्ट गार्ड कशाला? उत्तर बीएसएफच्या पहिल्या प्रमुखाकडे आहे

मालवणहून खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांना कधीकधी तिरका पट्टा मारलेलं एक पांढरं जहाज दिसतं. ते नौदलाचं नसतं, तटरक्षक दलाचं म्हणजेच कोस्ट गार्डचं असतं. देशाला नौदल असताना हे वेगळं दल कशासाठी? त्यासाठी किनारा सोडून थेट नागपूरजवळच्या कामठीला जावं लागतं.

कामठीचे रुस्तमजी

खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ साली कामठीत झाला. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत आले. १९५२ पासून सहा वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती. नंतर मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख म्हणून चंबळच्या डाकूंशी त्यांची गाठ पडली.

तोवर पाकिस्तानलगतची सीमा मुख्यतः राज्यांचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. एप्रिल १९६५ मध्ये पाकिस्तानी सैन्याने कच्छमधल्या सरदार पोस्टवर हल्ला केला आणि ही व्यवस्था अपुरी असल्याचं दिसलं. १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल, म्हणजे बीएसएफ उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख होते रुस्तमजी. १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला मदत करणारं बीएसएफ त्यांच्याच हाताखाली होतं.

जमीन राखली, समुद्राचं काय?

त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती. कस्टमकडे बोटी कमी आणि युद्धनौका काही तस्करांच्या मागे धावण्यासाठी बांधलेल्या नसतात. १९७४ मध्ये सरकारने या प्रश्नावर समिती नेमली आणि अध्यक्ष केलं रुस्तमजींना. समुद्रासाठी वेगळं दल हवं, असं या समितीने सांगितलं.

नौदलाकडून मिळालेली दोन जुनी जहाजं आणि पाच गस्ती नौका घेऊन १ फेब्रुवारी १९७७ ला काम सुरू झालं. १९७८ मध्ये कायदा झाला. व्हाइस अ‍ॅडमिरल व्ही. ए. कामत पहिले महासंचालक झाले. पुढे अनेक वर्षं हे पद नौदलातल्या अधिकाऱ्यांकडेच राहिलं. कोस्ट गार्डमध्येच घडलेला अधिकारी या खुर्चीत पहिल्यांदा बसला तो २०१६ मध्ये, राजेंद्र सिंह यांच्या रूपाने.

महासंचालकांचं काम काय?

- किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत गस्त
- तस्करी आणि परदेशी बोटींची चोरटी मासेमारी रोखणं
- वादळात किंवा अपघातात सापडलेल्यांना वाचवणं
- समुद्रात तेल सांडलं तर ते आवरणं

२००९ मध्ये यात एक मोठी भर पडली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं होतं. २००८ चे दहशतवादी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून मुंबईच्या दिशेने आले. दोन्ही वेळा वाट समुद्राचीच होती. म्हणून सागरी पोलीस, कस्टम, बंदर आणि मत्स्यव्यवसाय खाती यांच्यात किनारी सुरक्षेचा मेळ घालण्याची जबाबदारी कोस्ट गार्डच्या महासंचालकांना देण्यात आली.

मालवणला याचा संबंध काय?

समुद्रावर रेषा आखलेली दिसत नाही, पण कायद्यात ती आहे. १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियम राज्याचे असतात आणि कारवाई मत्स्यव्यवसाय विभाग करतो. त्यापुढे केंद्राचा अधिकार सुरू होतो आणि तिथे कोस्ट गार्ड असतं. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीविरुद्ध इथले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आहेत. केंद्राने आपल्या हद्दीत तिला २०१७ मध्ये बंदी घातली. पण बोट रेषेच्या कुठल्या बाजूला सापडली, यावर तक्रार कोणाच्या दारात न्यायची ते ठरतं.

इतक्या मोठ्या समुद्रावर प्रत्येक ठिकाणी जहाज उभं करता येत नाही. अनोळखी बोट आधी दिसते ती जाळं टाकून बसलेल्या मच्छीमारालाच. त्यामुळे दोन नंबर फोनमध्ये असलेले बरे : कोस्ट गार्डसाठी १५५४ आणि सागरी पोलिसांसाठी १०९३.