वजन कुठे, गळ कुठे? तळाशी दबा धरून बसलेला ‘बास’ मासा पकडण्यामागचं साधं गणित

1985 साल. अमेरिकेतली ‘बासमास्टर क्लासिक’ ही बास मासेमारीची सर्वात मानाची स्पर्धा आर्कान्सा नदीवर भरली होती. ती जिंकली अलाबामाच्या जॅक चान्सेलर यांनी. त्यांच्या आमिषाचं नाव होतं ‘डू-नथिंग’, म्हणजे ‘काहीच न करणारं’! एक सरळसोट, बोटभर लांबीचं प्लास्टिकचं गांडूळ. त्याला ना वळवळणारी शेपटी, ना चकाकणारं पातं. जड वजनाच्या मागे ते तळावरून सावकाश ओढत न्यायचं, बस्स.

मग मासा त्याला फसला कसा? उत्तर आमिषात कमी आणि बांधणीत जास्त आहे. दोरावर वजन कुठे आहे आणि त्या वजनापासून गळ किती लांब आहे, यावर तळाच्या मासेमारीचा सगळा खेळ चालतो. हे गणित नेमकं काय आहे, समजून घेऊया.

आधी ओळख: हा बास म्हणजे कोण?

इथे ज्याच्याबद्दल बोलतोय तो ‘लार्जमाउथ बास’. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांचा आणि संथ नद्यांचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपल्याकडे हॉटेलच्या मेन्यूवर ‘एशियन सी बास’ म्हणून जो मिळतो तो कोकणातला जिताडा. दोघांच्या नावात बास असलं तरी त्यांची कुळं वेगळी आहेत.

लार्जमाउथचं तोंड नावाप्रमाणेच भलंमोठं असतं. तो भक्ष्याला आधी चावत नाही. तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. खटकलं तर तितक्याच वेगाने बाहेरही टाकतो. मासेमाराच्या हातात तेवढेच काही क्षण असतात.

मासा तळालाच का जातो?

वसंतात पाणी साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की बास उथळ पाण्यात येऊन घरटी करतो. उन्हाळा तापला की बरेच मासे खोल पाण्याकडे सरकतात. थंडीतही तसंच. तळाला दगडांमध्ये क्रेफिश असतात. खेकडा-कोळंबीच्या जातकुळीतले हे जीव बासचं आवडतं खाणं. शिवाय बुडालेली झाडं, दगडांच्या राशी आणि उतार यांच्या आडोशाला दबा धरून बसता येतं.

अडचण अशी की मासा जिथे लपतो, नेमका तिथेच गळही अडकतो. म्हणून तळाच्या मासेमारीत दोन प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. गळ अडकू नये, आणि माशाने तोंड लावलेलं हाताला कळावं.

तीन बांधण्या, तीन उत्तरं

वजन, गळ आणि आमिष दोरावर ज्या क्रमाने बांधतात, त्या बांधणीला ‘रिग’ म्हणतात. नावं डझनभर आहेत, पण मुख्य तीन समजल्या की बाकीच्या आपोआप उलगडतात.

*1. टेक्सास रिग : वजन गळाला चिकटून*

बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन दोरात ओवायचं आणि त्याखाली गळ बांधायचा. गळाचं टोक प्लास्टिकच्या गांडुळातच लपवायचं. टोक उघडं नसल्याने गवतातून, फांद्यांतून ते सहसा न अडकता सरकतं. दाट झुडपात वजन आणि गळ वेगळे होऊ नयेत म्हणून वजनाच्या वर रबराचा छोटा अडसर लावतात.

या बांधणीची गंमत प्लास्टिकच्या गांडुळाशी जोडलेली आहे. 1949 मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी पत्नीच्या मदतीने घरच्या स्वयंपाकघरात असं गांडूळ ओतून तयार केलं. पुढे त्यांचा कारखाना टेक्सासमधल्या टायलर इथे गेला. मऊ प्लास्टिक आलं म्हणूनच गळाचं टोक आमिषात लपवणं सोपं झालं.

*2. कॅरोलिना रिग : वजन पुढे, गळ मागे*

इथे 14 ते 28 ग्रॅमचं जड वजन मुख्य दोरावर सरकतं असतं. त्याखाली एक मणी, मग फिरकी, आणि फिरकीला साधारण 45 ते 90 सेंटिमीटरचा वेगळा दोर. त्याच्या टोकाला गळ आणि आमिष. वजन तळावर घासत जातं आणि आमिष त्याच्या मागे, तळाच्या जरा वर, तरंगल्यासारखं येतं. मणी गाठीला मार बसू देत नाही आणि वजनावर आपटून टक-टक आवाजही करतो. चान्सेलर यांची बांधणी याच जातीची.

मोठा, मोकळा तळ कमी वेळात धुंडाळायचा असेल तर ही बांधणी चांगली. तोटा एकच. मासा आणि हात यांच्या मध्ये वजन येतं, त्यामुळे हलका स्पर्श पटकन कळत नाही.

*3. ड्रॉप-शॉट : वजन सर्वात खाली, गळ वर*

इथे क्रमच उलटा. दोराच्या शेवटी 4 ते 10 ग्रॅमचं वजन, आणि त्याच्या 15 ते 45 सेंटिमीटर वर गळ. वजन तळावर बसलेलं राहतं आणि आमिष एकाच जागी थरथरत राहतं. खोल पाण्यात, मासा सुस्त असताना किंवा पाणी अगदी नितळ असताना ही बांधणी उपयोगी पडते. जपानी मासेमारांनी तिला नावारूपाला आणलं आणि तिथून ती अमेरिकेत पसरली.

गळ आडवा उभा राहावा म्हणून ‘पालोमार’ नावाची गाठ मारतात. गाठीचं उरलेलं लांब टोक गळाच्या डोळ्यातून पुन्हा वरून खाली ओवतात आणि त्यालाच वजन लावतात.

मग निवडायचं कसं? आधी तळ ओळखा

नवशिके आमिषाचा रंग निवडण्यात तास घालवतात. जाणकार आधी नुसतं वजन टाकून तळ ‘वाचतात’. वजन ओढताना काठीत बारीक खडखड जाणवली तर खाली गोटे. मऊ, जडसर ओढ लागली तर गाळ. अडकल्यासारखं होऊन हळूच सुटलं तर गवत.

• दाट गवत, बुडालेल्या फांद्या : टेक्सास रिग.
• मोकळा तळ, वाळू-खडी, लांबवर पसरलेला उतार : कॅरोलिना रिग.
• खोल पाणी आणि एकाच जागी थांबलेले मासे : ड्रॉप-शॉट.
• गाळाचा मऊ तळ : वजन कमी करा किंवा आमिष वजनापासून लांब ठेवा. नाहीतर आमिषच गाळात रुतेल.

वजनाचा नियमही साधा आहे. तळ हाताला जाणवेल इतकं जड, पण त्याहून जास्त नाही. वारा आणि प्रवाह वाढला की वजन वाढवायचं.

काठी, दोर आणि गळ

टेक्सास आणि कॅरोलिनासाठी साधारण 7 फुटांची, कणखर पण टोकाला लवचीक काठी घेतात. दोर 7 ते 9 किलो ताण सोसणारा. ड्रॉप-शॉटला हलकी काठी आणि 3 ते 4 किलोचा बारीक दोर पुरतो.

दोराचा प्रकारही महत्त्वाचा. फ्लोरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड असल्याने बुडतो, आणि त्यातून प्रकाश जवळपास पाण्यासारखाच वळत असल्याने तो कमी दिसतो. विणलेला दोर ताणला जात नाही, त्यामुळे स्पर्श लगेच कळतो. पण तो तरंगतो आणि दिसतो. म्हणून अनेकजण मुख्य दोर विणलेला ठेवून शेवटचे काही फूट फ्लोरोकार्बन जोडतात. गाठ आवळण्याआधी दोर ओला करायला विसरू नका. कोरडी गाठ घासून तापते आणि दोर तिथेच कमजोर होतो.

गळाच्या आकड्यांत मात्र बरेचजण गोंधळतात. 1, 2, 4, 6 असे साधे आकडे वाढले की गळ लहान होतो. 1/0, 2/0, 3/0 असे शून्यवाले आकडे वाढले की गळ मोठा होतो. सहा इंची गांडुळाला साधारण 3/0 चा गळ लावतात.

मासा लागल्यावर हिसका कसा द्यायचा, हेही बांधणीवर ठरतं. टेक्सासमध्ये टोक प्लास्टिकमधून बाहेर यायचं असतं, म्हणून जोरदार झटका. कॅरोलिनात मधला ढिला दोर ताणायचा असतो, म्हणून काठी बाजूला लांब ओढायची. ड्रॉप-शॉटचा गळ बहुधा उघडा आणि बारीक. तिथे जोर केला तर दोर तुटतो. काठी हळू उचलत दोर गुंडाळला की काम होतं.

शिसं की टंगस्टन?

पूर्वी वजन म्हणजे शिसंच. स्वस्त, मऊ, घरी ओतता येणारं. पण तळाच्या मासेमारीत वजनं अडकून तिथेच राहतात. पाणपक्षी खड्यांबरोबर तीही गिळतात आणि शिशाची विषबाधा होऊन मरतात. हंसांचे असे मृत्यू समोर आल्यावर ब्रिटनने 1987 मध्ये 28 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी लून पक्ष्यांसाठी निर्बंध आणले.

पर्याय म्हणून टंगस्टन आलं. शिशाची घनता 11.3, तर टंगस्टनची 19.3. म्हणजे तेवढ्याच वजनाचा तुकडा बराच लहान असतो, कमी अडकतो, आणि कठीण असल्यामुळे तळाचा खडखडाट जास्त स्पष्ट कळवतो. महाग आहे, हाच काय तो अडसर.

खोलातून वर काढलेल्या माशाचं काय?

अमेरिकेत अनेकजण बास पकडून परत सोडतात. पण 10 मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटकन वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगत फुगत दुपटीपर्यंत जाऊ शकते. बासला ती हवा तोंडावाटे सोडता येत नाही. मग तो उलटा तरंगतो, पाण्यात सोडूनही खाली जाऊ शकत नाही. म्हणून सोडायचाच असेल तर फार खोलात गळ न टाकणं आणि मासा लगेच पाण्यात परत देणं हेच चांगलं.

जपानमध्ये मात्र नियम उलटा आहे. तिथे बास परदेशी आहे आणि स्थानिक माशांना फस्त करतो. 2009 मध्ये 10 किलोहून मोठा बास पकडून 1932 च्या अमेरिकन विक्रमाशी बरोबरी झाली ती तिथल्याच बिवा सरोवरात. पण त्या सरोवराच्या शिगा प्रांतात पकडलेला बास पाण्यात परत सोडायला 2003 पासून मनाई आहे. म्हणजे सोडणं योग्य की अयोग्य, हे पाणी कोणतं त्यावर ठरतं.

कोकणातही तेच गणित

आपल्या खाड्यांमध्ये जिताड्यासाठी गळ टाकणाऱ्यांना हे सगळं अगदी अनोळखी वाटणार नाही. ओहोटीच्या ओढीत आमिष तळाजवळ राहायला वजन जड लागतं. पण जिवंत कोळंबी मोकळी पोहायला हवी, म्हणून वजन दोरावर सरकतं ठेवून गळ त्याच्या मागे सोडतात. हीच तर कॅरोलिनाची कल्पना! फरक एवढाच की जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, त्यामुळे शेवटचा दोर जाड घ्यावा लागतो.

त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात रंगीबेरंगी आमिषांसमोर उभे राहाल, तेव्हा आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : आपल्या पाण्याचा तळ कसा आहे? वजन कुठे बांधायचं, हे त्यावरून ठरेल. आमिषाचा रंग त्यानंतर.