दुखरी पाठ आणि उतावळा संघ

खेळाडूंच्या दुखापती ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. एक जगाला दिसते आणि दुसरी दिसत नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, तेव्हा काय झाले हे सांगायला वैद्याची गरज नव्हती. कवटी फुटली होती. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली आणि रक्त देण्यास चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलही पुढे झाले. अशा प्रसंगी संघाने काय करावे याविषयी वाद नसतो. प्रश्न येतो तो दुसऱ्या जातीचा. गोलंदाज सकाळी उठतो, कंबर एका बाजूला किंचित धरलेली असते, चालता येते, हसता येते, इतकेच नव्हे तर चेंडूही टाकता येतो. त्याला आज खेळवावे की नाही, आणि हे ठरवायचे कोणी? दुखापतीची खरी व्यवस्था लागते ती येथे, आणि म्हणून आज मी मुख्यतः वेगवान गोलंदाजाच्या पाठीविषयी बोलणार आहे.

पाठच का, हे समजण्यासाठी थोडे अमेरिकेत डोकावले पाहिजे. तिकडच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर कोपर वाकवून, तो झटक्याने सरळ करीत चेंडू सोडतो. त्या झटक्याचा सारा ताण कोपराच्या आतल्या बाजूस असलेल्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो; वर्षानुवर्षे ताण सोसून तो विरतो आणि एके दिवशी तुटतो. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाच्या टॉमी जॉनचा तो तसा तुटला, तेव्हा १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातील स्नायूची एक दोरी काढून ती कोपरात ओवली. हा खेळाडू १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला. ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. जोबसाहेबांना जरा कमी न्याय मिळाला असे मला वाटते. पण ते असो.

आपल्या क्रिकेटमध्ये कोपर सरळ करीत चेंडू फेकण्यास मनाई आहे. पंधरा अंशांपलीकडे कोपर सरळ झाले तर गोलंदाजी अवैध ठरते. आता वेग तर हवा आहे, आणि तो कोपरातून काढायचा नाही. मग तो धावेतून, खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडण्यापूर्वी डावा पाय जमिनीवर आपटतो. त्या क्षणी जमीन त्याला जो उलटा धक्का देते तो त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची कंबर मागे वाकलेली, डावीकडे कललेली आणि पिळलेली असते. एका मणक्याला दुसऱ्याशी जखडणारे हाडाचे जे अरुंद मागचे पूल असतात, त्यांच्यावर, विशेषतः डाव्या पुलावर, हा भार येतो. हाड एका धक्क्याने मोडत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तडकते, तशी सूक्ष्म चीर पडते. निसर्ग ती चीर बुजवत असतो. परंतु बुजवण्याच्या वेगापेक्षा चिरण्याचा वेग वाढला की तिचा भंग होतो. इंग्रजीत याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. आपण ताणभंग म्हणू. साध्या क्ष-किरण चित्रात तो सुरुवातीला दिसत नाही. एम.आर.आय. या चुंबकीय तपासणीत मात्र हाड मोडण्यापूर्वीच त्याची सूज दिसते. विशीच्या आतल्या मुलांची हाडे पुरती पक्की झालेली नसतात, म्हणून त्यांच्यात हे प्रमाण अधिक.

डेनिस लिली या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाला १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात हेच झाले. त्याला कमरेभोवती प्लॅस्टर घालून बसावे लागले. परंतु पश्चिम ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाच्या व्यायामतज्ज्ञांनी त्याची शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवली, त्यानेही धीर धरला, आणि १९७४-७५ च्या हंगामात तो इंग्लंडपुढे उभा राहिला तेव्हा त्याची गोलंदाजी कमी झाली असे कोणी म्हटले नाही.

आता घरचे उदाहरण. उमेश यादव आपल्या जिल्ह्यातला, खापरखेड्याजवळच्या वलनीचा. वडील कोळशाच्या खाणीत कामगार. पोलिसात आणि सैन्यात जाण्याचे प्रयत्न फसल्यावर टेनिसच्या चेंडूवर खेळणारा हा मुलगा २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला कसोटीत उतरला. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. दोन महिन्यांत पर्थला त्याने एका डावात पाच बळी घेतले. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये अहमदाबादच्या कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन लादला गेला, म्हणजे गोलंदाजांना सलग दोन डाव टाकावे लागले. त्या सामन्यानंतर उमेशची पाठ धरली. ताणभंग निघाला. इंग्लंडविरुद्धच्या उरलेल्या कसोट्या गेल्या, नंतरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिकाही गेली, आणि तो २०१३ च्या उन्हाळ्यात परतला. तेवढा काळ त्याला दिला गेला ही मोठी गोष्ट होती. तीच पाठ पुढे किती टिकली पाहा. २०१६-१७ च्या मायदेशातील हंगामात तेरा कसोट्यांपैकी बारांमध्ये तो खेळला.

पण असा काळ प्रत्येकाला मिळत नाही, आणि मिळाला तरी प्रत्येक वेळी मिळत नाही. नागपूरचे मैदान या बाबतीत मोठे साक्षीदार आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसरी कसोटी झाली. सचिन तेंडुलकर ऑगस्टपासून कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याने, म्हणजे टेनिस एल्बोने, बाहेर होता. मालिकेतल्या पहिल्या दोन कसोट्या तो खेळला नव्हता. मालिका हातची जात होती आणि सारा देश त्याच्या कोपराकडे डोळे लावून बसला होता. तो नागपूरला उतरला, ८ आणि २ धावा केल्या, भारत ३४२ धावांनी हरला आणि ऑस्ट्रेलियाने १९६९-७० नंतर प्रथमच येथे मालिका जिंकली. धावा कमी झाल्या त्या कोपरामुळेच, असे मी म्हणणार नाही. गिलेस्पीने त्या हिरव्या खेळपट्टीवर दुखणे नसलेल्यांनाही सोडले नाही. परंतु मे २००५ मध्ये त्याच कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, एवढे खरे.

दुसरा प्रसंग जामठ्याचा. २३ सप्टेंबर २०२२. पावसाने मैदान ओले, सामना आठ-आठ षटकांचा झालेला. जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखण्याने आशिया चषकाला मुकला होता. तो या सामन्यात परत आला. फिंचचा त्रिफळा उडवणारा यॉर्कर पाहून मैदान डोक्यावर घेतले गेले. रोहित शर्माने नाबाद ४६ धावा काढून सामना जिंकून दिला आणि लोक आनंदाने घरी गेले. दोनच दिवसांनी हैदराबादला बुमराहने चार षटकांत ५० धावा दिल्या, आणि ऑक्टोबर उजाडताच तो विश्वचषकातून बाहेर पडला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या संघात त्याचे नाव जाहीर होऊन मागे घेतले गेले. शेवटी मार्चमध्ये न्यूझीलंडला पाठीवर शस्त्रक्रिया झाली, आणि तो आयर्लंडमध्ये पुन्हा चेंडू हाती घेताना दिसला तेव्हा ऑगस्ट २०२३ उजाडला होता. विश्वचषक जवळ आला नसता तर तो जामठ्याला उतरला असता का?

आणि तिसरा प्रसंग त्याच जामठ्याचा, पाच महिन्यांनंतरचा. रवींद्र जडेजाच्या उजव्या गुडघ्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नागपूरला कसोटी होती. त्याला थेट कसोटीत न ढकलता आधी जानेवारीत चेन्नईला सौराष्ट्राकडून तामिळनाडूविरुद्ध रणजी सामना खेळायला लावले. चार दिवस उन्हात उभे राहणे, वाकणे, धावणे, पुन्हा चेंडू टाकणे हे सारे तेथे पारखले गेले. त्याने एका डावात सात बळी घेतले. मग नागपूरला पहिल्याच डावात ४७ धावांत पाच बळी, फलंदाजीत ७० धावा, आणि भारत एक डाव व १३२ धावांनी विजयी. (याच सामन्यात बोटाला मलम लावण्याआधी पंचांची परवानगी घेतली नाही म्हणून त्याला दंड झाला! दुखण्यावर औषध लावायलाही रीत आहे.)

दोघांची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. गुडघा आणि मणका एक नव्हेत, आणि फिरकी गोलंदाज वेगवान गोलंदाजाइतका आपटत नाही. तरी एक भेद उरतोच. दुखणे बरे होणे ही एक गोष्ट आणि सामन्याचा भार पेलण्यास शरीर तयार होणे ही दुसरी. चीर भरून आली तरी सहा महिने न टाकलेले चेंडू एका आठवड्यात टाकून भरून काढता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गोलंदाजांच्या चेंडूंची मोजदाद ठेवून दाखवले की या आठवड्याचे काम मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीहून एकदम फार वाढले की दुखापतीचा संभव वाढतो. त्यांच्या गणितावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण शेतावरच्या बैलालाही उन्हाळाभर बसवून मृगाच्या दिवशी एकदम दिवसभर औताला जुंपू नये, हे आपल्या शेतकऱ्याला गणिताशिवाय ठाऊक असते.

मग संघ घाई का करतो? कारण जखमी माणसाची जागा रिकामी राहते. कसोटीत बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, गोलंदाजी करू शकत नाही. डोक्याला मार लागून मेंदूवर आघात झाला तरच पूर्ण बदली मिळते, आणि तीही २०१९ पासून. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्याच कसोटीत दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. उरलेला भार इतरांनी उचलला. आपल्या उमेशने त्या सामन्यात दहा बळी घेतले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच, परंतु एकाची दुखापत दुसऱ्याच्या पाठीवर कशी जाते हेही त्यात दिसते. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला पोटरी धरल्याने उमेशलाच चौथ्या षटकात मैदान सोडावे लागले. त्या दौऱ्यात एकामागून एक इतके गोलंदाज पडले की ब्रिस्बेनला उतरलेल्या पाच जणांचा मिळून पूर्वानुभव अवघा चार कसोट्यांचा होता. त्यांनी सामना जिंकला! त्यात शार्दूलचे सात बळी आणि ६७ धावा. मला त्या विजयातले मर्म असे दिसते की राखीव माणसे तयार असली तर आजाऱ्याला उठवावे लागत नाही.

बेसबॉलवाल्यांनी हेच तत्त्व नियमात बांधले आहे. तिकडे जखमी खेळाडूंची एक यादी असते. पिचरचे नाव तिच्यात चढले की किमान पंधरा दिवस तो खेळू शकत नाही, संघाने कितीही आर्जवे केली तरी नाही. त्याच्या जागी दुसरा घेता येतो. आणि नाव यादीत असेतोवर पगार पूर्ण चालू राहतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे खेळाडूला दुखणे लपवण्याचे कारण उरत नाही आणि संघाला त्याला हाकण्याचे. पिचरांची कोपरे तिकडेही तुटतातच, नव्हे अलीकडे अधिक तुटतात, कारण वेगाचा हव्यास यादीने बरा होत नाही. तरी दुखऱ्या हाताने मुकाट्याने खेळत राहण्याचा एक मोठा दबाव त्यांनी काढून टाकला.

आपल्याकडे भारतीय संघाशी करारबद्ध असलेल्यांची सोय बरी आहे. बेंगळुरूला २००० साली राष्ट्रीय अकादमी निघाली. जखमी खेळाडूने तेथे जाऊन तपासून घ्यावे आणि तेथील दाखला मिळाल्यावरच परतावे अशी रीत बसली. परंतु कराराबाहेरचा रणजी खेळाडू घ्या. त्याचे मानधन सामन्याच्या दिवसांवर ठरते. २०२१ साली दर वाढले तेव्हा वीसपर्यंत सामने खेळलेल्यास दिवसाचे ४० हजार झाले. दोन सामने बाहेर बसणे म्हणजे काय, याचा हिशेब त्याच्या घरात होतो, आणि त्याखेरीज जागा दुसऱ्याला गेली तर ती परत मिळेल याची शाश्वती नाही. असा मुलगा 'थोडे दुखते आहे' असे सांगेल का? २०२५-२६ पासून मंडळाने स्थानिक बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम आणला. पण तो बाहेरून मार लागून झालेल्या दुखापतीपुरता. आतल्या आत चिरणारी पाठ त्यात बसत नाही.

आणि रणजीच्याही खाली, रेशीमबागेच्या मैदानावर किंवा कस्तुरचंद पार्कवर टाकणारा चौदा वर्षांचा मुलगा? तो सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबाकडून आणि रविवारी मोहल्ल्याच्या स्पर्धेत टाकतो. तिघांपैकी एकालाही इतर दोघांकडे त्याने किती टाकले हे माहीत नसते, आणि तिघांचाही तो हुकमी गोलंदाज असतो. अमेरिकेतील मुलांच्या लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ किंवा अधिक टाकले तर पुढचे चार दिवस सुट्टी. लीगने नेमलेला गुणलेखक किंवा सामन्याचा दुसरा अधिकारी ते मोजतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्याकडे धावा मोजणारी वही प्रत्येक मैदानावर असते, तिच्यातच हे सारे चेंडू लिहिलेले असतात. फक्त मुलाच्या नावाने आठवड्याची बेरीज कोणी करीत नाही. ती बेरीज मुलाच्या घरी, एका पाठकोऱ्या कागदावरसुद्धा होऊ शकेल. आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या पातळीवर एकाच बाजूला दुखू लागले, मागे वाकताना ते वाढू लागले, तर तेल चोळून पुढच्या रविवारची वाट न पाहता अस्थितज्ज्ञाकडे न्यावे आणि साधे क्ष-किरण चित्र निर्मळ आले तरी पुढची तपासणी विचारावी. त्या टप्प्यावर पकडले तर काही आठवड्यांची किंवा महिन्यांची विश्रांती लागते. चीर आरपार गेल्यावर पुष्कळदा सबंध हंगाम जातो.