वाट पाहणाऱ्यांचे दिवे

दिवाळी अंकात ख्रिस्ती सणाविषयी लिहायला घेतले, की कुणीतरी विचारणारच, ‘अहो, नाताळला अजून अवकाश आहे, मग आताच हे कशाला?’ पण मला नाताळविषयी लिहायचेच नाही. लिहायचे आहे ते नाताळच्या आधीच्या चार रविवारांविषयी. पाश्चात्त्य ख्रिस्ती जग या काळाला ‘ॲडव्हेंट’ म्हणते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘येणे’. आपले मराठी कॅथलिक बांधव त्याला ‘आगमनकाळ’ म्हणतात. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान जो रविवार येईल, त्या दिवशी हा काळ सुरू होतो आणि चर्चचे नवे वर्षही तेव्हाच लागते. वर्षाचा आरंभ सणाने नव्हे, तर वाट पाहण्याने करायचा, ही कल्पना मला मोठी विलक्षण वाटते.

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दापाशी थबकण्याची मला खोड आहे. इंग्रजीत माणूस नुसता थांबतो. मराठीत तो ‘वाट’ पाहतो. येणारा दृष्टीस पडत नाही, तोवर निदान रस्त्यावर तरी डोळे लावून बसतो. मात्र रस्ता दिसायलाही थोडा उजेड लागतो. तो उजेड करण्याची एक साधी युक्ती हँबुर्गच्या एका गृहस्थाने काढली, तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

योहान हिन्रिख विखर्न हे त्याचे नाव. जन्म १८०८ सालचा, वृत्तीने धर्मोपदेशक. शहराच्या दरिद्री वस्त्यांतली उघड्यावर पडलेली मुले पाहून त्याने १८३३ साली हँबुर्गजवळ त्यांच्यासाठी एक घर काढले. ‘राउहेस हाउस’ हे त्याचे नाव. मुलांनी तिथे राहावे, शिकावे, हाताला काही काम लावून घ्यावे, असा बेत होता. डिसेंबरात त्या मुलुखात सूर्य साडेआठ वाजता उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. अशा अंधाऱ्या दिवसांत मुले रोज विचारीत, ‘नाताळ कधी?’ मोठ्यांचे ‘येईल हं लवकरच’ हे उत्तर मुलांना कधीच पुरत नाही.

१८३९ साली विखर्नने लाकडाचे एक मोठे चाक टांगले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. चार मोठ्या, पांढऱ्या, रविवारच्या. आणि वीस लहान, तांबड्या, इतर वारांच्या. त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरलाच सुरू झाला होता, म्हणून हिशेब बरोबर चोविसाचा. रोज एक मेणबत्ती वाढायची. मुलांना दिवस मोजता येऊ लागले, आणि बाहेर दिवस आखडत असता घरातला उजेड मात्र रोज वाढू लागला. पुढे चाकाला हिरव्या डहाळ्या आल्या, मेणबत्त्या चारच उरल्या, आणि हे वर्तुळ जगभरच्या चर्चमध्ये व घरांत जाऊन पोचले.

आपल्या दिवाळीत अवसेच्या रात्री ओळीच्या ओळी उजळतात. अंधार जणू एका रात्रीत हटवायचा असतो. तो आनंद निराळाच. पण आयुष्यातले पुष्कळसे अंधार एका रात्रीत हटणारे नसतात. पदवी घेऊन नोकरीच्या पत्राची वाट पाहणारी माझी जुनी मुले अधूनमधून येऊन बसतात. त्यांना ‘धीर धर’ म्हणणे सोपे आहे. पण मोजायला काही नसले की धीर फार काळ टिकत नाही. आज एवढे केले, उद्या एवढे करीन, अशी रोजची एक मेणबत्ती हाताशी हवी.

अर्थात, मोजून प्रत्येक वेळी दार उघडतेच असे नाही. डिट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मपंडिताला हिटलरला विरोध केल्यापायी एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली. त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिताना त्याने कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली आहे. माणूस आत वाट पाहतो, आशा करतो, हे ना ते करीत राहतो. पण दाराची कडी बाहेरून आहे, ते बाहेरूनच उघडायचे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले. पुढे तीनच आठवड्यांनी हिटलर संपला. दार त्याच्यासाठी उघडले नाही. तरीही त्या कोठडीत तो वाचीत राहिला, लिहीत राहिला, इतरांना धीर देणारी पत्रे धाडीत राहिला. आशा म्हणजे निकालाची हमी नव्हे, हे त्याच्याइतके स्वच्छ फार थोड्यांनी दाखवले असेल.

आपल्या भाषेला हा विषय परका नाही. फादर स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत, आणि ख्रिस्ताचा जन्म येतो तो दुसऱ्यात. पहिले सारे पुराण त्याच्या येण्याआधीचे आहे. एक आख्खे पुराण वाट पाहण्याला! विरहिणी गाणाऱ्या मराठी संतांच्या प्रांतात ते कुणाला लांबण वाटले नसावे.

दिवाळी सरली, कंदील उतरले, की महिन्याभराने एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे चारांतली एकच मेणबत्ती जळताना दिसेल. उरलेल्या तीन विझलेल्या नाहीत. त्या अजून लावायच्या आहेत.