संगणकाचा ताप

‘आकाशवाणी’ या नावाचे म्हैसूरशी जुने नाते आहे. १९३५ साली म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक खासगी ध्वनिक्षेपण केंद्र उभारले आणि ते ‘आकाशवाणी’ या नावाने ओळखले गेले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते नाव आपलेसे केले. त्या काळचा रेडिओ ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल, की तो लावला म्हणजे आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस उजळत, आणि पेटीच्या पाठीशी हात नेला तर चांगली ऊब लागे. विजेवर चालणाऱ्या यंत्राने काम करावे आणि तापू मात्र नये, हे निसर्गाला मान्य नाही.

गणकयंत्रांचीही तीच कथा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या यंत्रात असे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. पण त्यांची उष्णता कपाटांच्या रांगांतून विखुरलेली असे. आज आपल्या मेजावरील संगणकात गणिताचे मुख्य काम करणारा प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. सर्वसाधारण प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असतो. जड काम पडले तर काही प्रोसेसर याच्या दुपटीहून अधिक वीज घेतात. पूर्वी घरोघर असलेला ६० वॅटचा दिवा मुठीएवढा असूनही त्याला हात लावता येत नसे. तेवढीच उष्णता एक-दोन चौरस सेंटिमीटरांतून बाहेर पडू लागली, तर तिला वाट करून देणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

ही वाट कशी असते ते पाहू. सिलिकॉनच्या तुकड्यावर धातूचे झाकण असते आणि त्यावर तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा उष्णताशोषक बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात व त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे मध्ये एका विशिष्ट लेपाचा पातळ थर देऊन त्या खाचा बुजवितात. उष्णता पत्र्यांपर्यंत आली, की पंखा ती हवेच्या स्वाधीन करतो, आणि पेटीचे पंखे ती हवा बाहेर टाकतात. या साखळीचा एक दुवा जरी सैल झाला, तरी मागे उष्णता साचू लागते.

आता प्रश्न येतो, की किती उष्णतामान सुरक्षित मानावे? येथे आपली एक सवय आपल्याला फसविते. माणसाचा ताप म्हैसुरात मोजा की नागपुरात, निरोगी माणसाचा आकडा जवळजवळ एकच येतो; कारण शरीर आपली ऊब स्वतः सांभाळते. प्रोसेसरला ती शक्ती नाही. तो भोवतालच्या हवेच्या उष्णतामानावर आपली भर घालतो, एवढेच. म्हणून नुसत्या आकड्याहून हा फरक अधिक बोलका असतो.

समजा, म्हैसुरात शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याच्या खोलीत हवा २७ अंश सेल्सिअस आहे आणि जड काम चालू असता प्रोसेसर ७० अंश दाखवितो. म्हणजे भर झाली ४३ अंशांची. दोन वर्षांत पत्र्यांवर धुळीचा थर बसला, लेप सुकला आणि ही भर ६० अंशांवर गेली. प्रोसेसर आता ८७ अंशांवर आहे. पण यंत्र चालते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. शिक्षण संपवून तो मे महिन्यात संगणकासह नागपूरला घरी येतो. तेथे दुपारी खोलीतच ४२ अंश! त्यात ६० मिळविले की बेरीज होते १०२. यंत्र आधी मंदावते, मग एकाएकी बंद पडते, आणि न साठविलेले काम नाहीसे होते. ‘प्रोसेसर गेला, नवा घ्या’ असा सल्ला कोणी दिला, तर कुटुंबाची एका महिन्याची मिळकत त्यात जाते. वास्तविक प्रोसेसर शाबूत असतो. म्हैसूरच्या सौम्य हवेने जो दोष झाकला होता, तो नागपूरच्या उन्हाळ्याने उघडा पाडला. यंत्र स्वच्छ असते, तर तेथेही ते ८५ अंशांवर काम करीत राहिले असते.

असे मंदावणे हा बिघाड नव्हे, ते प्रोसेसरचे स्वसंरक्षण आहे. निर्मात्याने ठरविलेली कमाल मर्यादा बहुतेक आधुनिक प्रोसेसरांत ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर आपली गती उतरवितो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर वीज तोडतो. स्थूलमानाने सांगावयाचे, तर विश्रांतीच्या वेळी ३५ ते ५० आणि जड कामात ६० ते ८५ अंश हे समाधानाचे आकडे होत. अलीकडचे काही वेगवान प्रोसेसर मात्र जड कामात मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जातील असे घडविलेले असतात. तेव्हा अखेरचा शब्द निर्मात्याच्या पत्रकाचा मानावा. सदोदित मर्यादेशी खेटून काम केल्यास शेजारच्या भागांचेही आयुष्य घटते.

म्हणून यंत्र नवे वा नुकतेच स्वच्छ केलेले असताना एक नोंद करून ठेवावी. वीस-एक मिनिटे जड काम लावून प्रोसेसरचा आकडा पाहावा, त्यातून खोलीचे उष्णतामान वजा करावे आणि उत्तर वहीत टिपावे. पुढे तेच काम लावले असता हा फरक दहा-पंधरा अंशांनी वाढलेला दिसला, तर बाजारात जाण्यापूर्वी पेटी उघडावी. वीज तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ कुंचल्याने धूळ काढावी. उष्णताशोषक उतरविलाच, तर जुना लेप पुसून मटारच्या लहान दाण्याएवढा नवा लावावा. अधिक लावल्याने अधिक लाभ होत नाही. पेटी भिंतीपासून वीतभर दूर असावी आणि चालू असता तिच्यावर भरतकामाचे आच्छादन नसावे. विदर्भात वाळ्याच्या कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. त्याने हवा निवते हे खरे, पण त्या दमट हवेबरोबर क्षारही आत जातात.

हे सारे लक्षात कसे राहावे? पंचांगाने ती सोय आधीच करून ठेवली आहे. म्हैसूरचा दसरा जगप्रसिद्ध आहे. तेथे आयुधपूजेच्या दिवशी कारागीर आपली हत्यारे आणि घरोघरचे लोक आपली वाहने धुऊनपुसून पूजेला मांडतात. आपल्याकडे खंडेनवमीला व दसऱ्याला हेच करतात. हल्ली त्या पूजेत संगणकालाही गंधफूल मिळते. गंध लावण्यापूर्वी पेटी उघडून धूळ काढावी, आणि उन्हाळा तोंडावर आला असता पाडव्याला तेच पुन्हा करावे. फूल मात्र पंख्याच्या जाळीवर वाहू नये. ज्या आयुधावर आपले काम चालते, त्याला श्वास घेऊ देणे हीच त्याची पहिली पूजा होय.