अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट : फड मोडल्यावर राहिलेली तबकडी

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईचा रॉक बँड कीथ कांगा यांनी सत्तरच्या दशकात उभा केला. शिरूर-दौंडकडच्या वाचकाला बँडपेक्षा फड हा शब्द जवळचा, आणि इथे तोच नेमका बसतो. नारायणगावच्या राहुट्यांतून ठरलेल्या सुपाऱ्यांवर तमाशाचा फड जगतो, चौफुल्याच्या कला केंद्रातली पार्टी बैठकीवर जगते. हा बँड कार्यक्रमांवर जगला. गायक बदलत, नाव राही.

त्याच्यासाठी जमीन आधीच नांगरली गेली होती. सिगारेट कंपनीच्या सिमला बीट या बँडच्या स्पर्धेने १९७० आणि १९७१ मध्ये देशभरची पोरं एका मंचावर आणली. १९७१ मध्येच पुणे जिल्ह्यात मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा उघड्यावरचा रॉक मेळावा भरला. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा जीव गिटारच्या ‘फझ’मध्ये आहे. तार हलली की तिच्याखालच्या चुंबकावर गुंडाळलेल्या तारेत बारीक वीज उठते. ती यंत्राला झेपेल त्याहून मोठी केली, की लाटेचे माथे छाटले जातात आणि गोल सूर करवतीसारखा दातेरी होतो. एरवी जो बिघाड म्हणून दुरुस्त करायचा, तोच इथे मुद्दाम लावून धरायचा. आणि तो ताब्यात ठेवणं हीच वादकाची तालीम. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ असताना हा आवाज मुंबईत घडला, ही मोठीच गोष्ट आहे.

काही काळ या बँडचे गायक होते नंदू भेंडे. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेराच्या १९७४ च्या मुंबईतल्या प्रयोगात ते जुडास होते. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते गायले. जब्बार पटेल यांनी १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीसाठी बसवलेल्या या नाटकात मराठी प्रेक्षकाने रॉकचा गळा मराठीत ऐकला. बँडने जे साधलं नाही, ते त्याच्या एका गायकाने साधलं.

कारण बँडची गाणी इंग्रजी होती आणि श्रोता मूठभर शहरी. सिनेसंगीतापुढे रेकॉर्ड कंपन्यांना त्यात फायदा दिसेना. दशकाच्या शेवटी डिस्को आला आणि चार-पाच वादकांना पैसे देण्यापेक्षा तबकड्या लावणं हॉटेल-क्लबच्या मालकांना स्वस्त पडू लागलं. बँडचा एकमेव एलपी ‘ऑब्सेशन ७७’ बाजारात आला तो १९८१ मध्ये. त्यावर आवाज मधुकर धस यांचा आहे. तोवर बँडचे दिवस सरले होते.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने ती ध्वनिमुद्रणं पुन्हा प्रसिद्ध केली. नंदू भेंडे ११ एप्रिल २०१४ रोजी गेले. त्या काळातल्या कार्यक्रमांच्या फिती, छायाचित्रं किंवा हस्तपत्रकं ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. एखाद्या संग्रहालयाला द्यावीत.